भिमीच्या मोहावरची खूण

सिम्बायोसिस हा शब्द कानावर पडला की हल्ली माझ्या घशाशी येतं. चौतीस वर्षं मी शहापूर तालुक्यातल्या पोरांना इंग्रजी शिकवलं. पोरं 'आयलंड'ला 'इसलँड' म्हणायची, 'नॉलेज'ला 'कनोलेज' म्हणायची, तेव्हा डोक्यात तिडीक जायची, पण त्या पोरांची किळस कधी आली नाही. ती मी निवृत्त झाल्यावर यायची होती, आणि सगळे उच्चार शुद्ध असलेल्या माणसांमुळे यायची होती.

ही हकिगत भिमीची आहे. माझी त्यात जी लुडबुड झाली ती मी लपवणार नाही, कारण ती काढली तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

भिमी कातळपाड्यावर राहते. शेणवे गावाच्या पुढे डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून अर्धा तास चढ चढला की ठाकरांची बावीस घरं लागतात. साठी ओलांडलेली काटक बाई, मशेरीनं काळे पडलेले दात आणि जीभ कोयत्यासारखी. वीस वर्षांपूर्वी ती मला पहिल्यांदा भेटली ती शहापूरच्या बाजारात, शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेली. शेवळं नुसती खाल्ली तर घसा खाजतो, ती खाज मारायला काकडं नावाची आंबट फळं सोबत शिजवावी लागतात. मी मास्तरकीच्या रुबाबात घासाघीस केली. तिनं जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि तिच्यासोबतची काकडं काढून घेतली. म्हणाली, "एवढ्यात एवढाच येते. घरी जाऊन खाजवा आता." मी मुकाट्यानं तिनं सांगितलेला भाव दिला.

पुढे तिची नात रविना माझ्या वर्गात आली आणि ओळख वाढली. भिमीचा नवरा लखमा तापानं लवकर गेला. मुलगा आणि सून भिवंडीकडे गोदामात कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी येतात. रविना आजीजवळच वाढली. दुसऱ्यांच्या शेतात भाताची आवणी, दिवाळीनंतर लाकूडफाटा, उन्हाळ्यात मोह, पावसाच्या तोंडावर रानभाज्या, असं भिमीचं वर्ष फिरतं. सरकारी कागदावर तिचा व्यवसाय 'मजूर' असा लिहिला आहे. लिहिणाऱ्याला मोह वेचणारीसाठी दुसरा शब्द सुचला नसेल.

आता खुणेचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भिमीच्या तोंडी 'ण' येत नाही, त्यामुळे तिची खूण आणि खून एकच ऐकू येतात. मी इथे 'खूण' असंच लिहितो, नाहीतर वाचणारा पोलिसांना बोलवायचा. पाड्यावरची रीत अशी की रानात कुणी लाकडाचा भारा रचला आणि नेण्याआधी त्यावर गवताची गाठ मारून ठेवली, की तो भारा त्याचा. मधाच्या झाडाला पाल्याची दोरी बांधली, की तो मध त्याचा. राखण लागत नाही. ती गाठ दिसली की दुसऱ्याचा हात आपोआप मागे येतो. आणि जो बांधील त्यानंच ती सोडवायची.

पाड्यावर नवशा नावाचा म्हातारा होता. भारा रचून, गाठ मारून घरी आला आणि त्याच रात्री मेला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी पाऊस असा लागून राहिला की चुलीला वाळकी काटकी मिळेना. बायका धुरानं डोळे फोडून घेत होत्या आणि नवश्याचा भारा कातळाच्या कपारीत कोरडा ठणठणीत पडलेला. मी भिमीला म्हणालो, अहो, मेलेल्या माणसाला काय चूल पेटवायची आहे? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात थुंकलोय. "त्याची खूण हाय त्याच्यावर," एवढंच बोलली. शेवटी तो भारा वाळवीनं खाल्ला. मग वाळवीनं कसा खाल्ला, असं मी तिला चिडवून विचारलं. म्हणाली, "वाळवीला खूण कलत नाय, मास्तर. मानसाला कलते."

हे मी तेव्हा घरी येऊन बायकोला हसत हसत सांगितलं होतं. अडाणीपणाचा नमुना म्हणून.

खुणेचा धाक भिमीला आणखी एका कारणानं आहे. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली आहे. ती परकर नेसत होती तेव्हा माणसं आली आणि त्यांच्या आंब्या-फणसांवर लाल रंगानं आकडे घालून गेली. तिचा बाप म्हणाला होता, नुसते आकडे तर आहेत. तीन पावसाळ्यांनी त्या आंब्यांच्या शेंड्यांवर होडी चालली. आज मुंबईत कुणी नळ सोडला तर त्यात भिमीच्या माहेरचं अंगण येतं, असं मी वर्गात सांगायचो आणि पोरं हसायची. भिमी हसत नाही.

ओढ्यापलीकडच्या उतारावर भिमीचे अकरा मोह. मोह म्हटलं की तुम्हाला बाटली आठवणार, हे मला माहीत आहे. आठवा. पण त्या पाड्यावर मोहाची फुलं वाळवून कणगीत ठेवतात आणि आषाढात घरातलं धान्य सरलं की शिजवून खातात. बियांचं तेल काढतात. उरलेली पेंड म्हशीला. भिमीची सासू ते मोह वेचायची, सासूची सासूही. झाडं रानातली, म्हणजे कागदावर सरकारची. म्हणून पाड्यानं वनहक्काचा दावा टाकला. कोणतं घर कोणती झाडं वेचतं त्याचा नकाशा मीच काढून दिला होता. फाल्गुनात, फुलं गळायच्या दिवसांत, पाहणीला माणसं येणार होती. वापर डोळ्यांनी दिसला तर हक्क मिळेल, नाही दिसला तर तो उतार दाव्यातून वगळला जाईल, इतकं सरळ होतं. भिमी तर आधीच नाचत होती. चाळीस वर्षं ती ते मोह वेचत होती, वापर न दिसायला काय झालं होतं?

झाली ती कंपनी.

कंपनीचं नाव घेऊन मी तोंड विटाळणार नाही. धरणाच्या फुगवट्याच्या काठावर तिनं तंबूंचं गाव वसवलं. मुंबईची माणसं तिथे शांतता विकत घ्यायला येतात आणि येताना स्पीकर आणतात. मातीच्या मडक्यात ताक, बांबूच्या नळीत चमचे, संडासाच्या दारावर वारली चित्रं. ठाकरांच्या मुलखात वारली चित्रं का, असं मी एकदा विचारलं. मॅनेजर म्हणाला, "सर, लोकांना तेच ओळखू येतं." मॅनेजरचं नाव भाविक. तिशीचा, कोरलेली दाढी, मनगटावर लाल दोरे. वागायला इतका गोड की त्याच्याशी बोलून आलं की चूळ भरावीशी वाटायची.

हा भाविक एक दिवस माझ्या घरी आला. कंपनीला उताराच्या अंगानं पाहुण्यांसाठी पायवाट हवी होती आणि त्याआधी म्हणे स्थानिकांशी नातं जोडायचं होतं. त्या उपक्रमाचं नाव काय, तर 'सिम्बायोसिस'. उपक्रमाची एक शब्दपुस्तिका हवी होती, इंग्रजी शब्द आणि त्यांचे सोपे मराठी अर्थ. सिम्बॉल, सिम्बॉलिक, सिम्बॉलाइझ, सिम्बायोसिस, सिम्बायोटिक. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. निवृत्त मास्तराला कुणी शब्दाचा अर्थ विचारला की त्याला पुन्हा पगार सुरू झाल्यासारखं वाटतं. मी कपाटातले तिन्ही कोश काढले. सिम्बायोसिसला 'सहजीवन' लिहिलं. सिम्बॉलिकला 'प्रतीकात्मक'. सिम्बॉलपाशी थांबलो. चिन्ह? प्रतीक? हे शब्द पाड्यावर कोण समजणार? मी कोशात तिसऱ्या नंबरला असलेला शब्द उचलला. खूण. घरगुती, सोपा, मातीतला. स्वतःवर इतका खूश झालो की दोन कप चहा प्यालो.

जानेवारीच्या शेवटी मुंबईहून चाळीस स्वयंसेवक आले. सगळ्यांचे टी-शर्ट हिरवे. त्यांनी उतारावरच्या झाडांच्या बुंध्यांवर कंपनीचा लोगो रंगवला. पांढरा गोल, त्यात दोन हिरवे हात, हातांत पान. तैलरंगात. तो आला भिमीच्या अकरा मोहांवरच, कारण तीच झाडं सगळ्यांत देखणी होती. रंगवताना त्यांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि त्याचे फोटो काढले. एका मुलीला मिठी मारताना मुंगळा चावला तर तिनं इंग्रजीत इतकं रडून घेतलं की पाड्यावरच्या पोरी पदर तोंडात धरून हसत होत्या.

मग उंबराखाली सभा झाली. मला खुर्ची दिली, कुंडीतलं रोप दिलं. मी पुस्तिका उघडली. सहजीवन समजावताना बगळ्याचा आणि म्हशीचा दाखला दिला. बगळा म्हशीच्या अंगावरचे किडे खातो, त्याचं पोट भरतं, म्हशीला आराम मिळतो. भिमी पुढेच बसली होती. तिनं विचारलं, "यांच्यात नि आमच्यात म्हस कोन नि बगला कोन?"

लोक हसले. मी म्हणालो, दोघंही दोन्ही.

"नि गोचीड कोन?"

पुन्हा हशा. भाविकला काही कळलं नाही, पण लोक हसतायत म्हणून तोही हसला. मग भिमीनं समोरच्या मोहाच्या बुंध्याकडे बोट केलं. "आन ह्या झाडाव काय काढलाय?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. छाती पुढे काढून म्हणालो, "हा कंपनीचा सिम्बॉल. सिम्बॉल म्हणजे खूण. त्यांनी झाडांवर आपली खूण केली आहे."

सभा एकदम गप्प झाली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. भिमीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. मला वाटलं, पटलं. अचूक शब्द अचूक जागी पडला की अशीच शांतता होते, असं मी स्वतःशी म्हणालो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तिथे चिन्ह म्हणालो असतो, चित्र म्हणालो असतो, नक्षी म्हणालो असतो, तर काहीही बिघडलं नसतं. लोकांनी 'ध' चा 'मा' केला तो कपटानं. मी केला तो हुशारीनं.

मार्चच्या मध्यावर रविनाचा फोन आला. ती आता शहापूरला कॉलेजात जाते. "सर, आज पाहणीवाले साहेब येऊन गेले. आजीच्या झाडांखाली फुलांचा सडा पडलेला, कुणी वेचलीच नव्हती. त्यांनी लिहून नेलं, वापर आढळला नाही."

मी दुसऱ्या दिवशी चढ चढून गेलो. उताराच्या आधी वासानंच कळलं. मोहाची फुलं ताजी असताना गोड वास मारतात, दोन दिवस उन्हात कुजली की तोच वास डोक्यात जातो. झाडाखाली हातभर रुंदीचीसुद्धा मोकळी जागा नव्हती. काळ्या फुलांवर पिवळट फुलं, त्यावर माश्या. कुणाच्या तरी बकऱ्या तिथे चरत होत्या. शेजारच्या उतारावर, जिथे लोगो नव्हते, तिथे मात्र झाडून साफ केलेली जमीन आणि झाडांखाली एकही फूल नाही.

भिमी अंगणात बसली होती. दुसऱ्यांच्या झाडांची फुलं वाळवून देत होती, मजुरीनं. मी ओरडलोच. "भिमीबाई, डोकं फिरलंय का? पाहणीच्या दिवशी घरी बसलात? झाडं गेली ना हातची!"

"वराडता कशाला? तुमीच बोललाव ना, त्यांची खूण हाय म्हनून."

"अहो, ती तशी खूण नाही!"

"मंग कशी हाय?"

चौतीस वर्षं शब्दांचे अर्थ सांगणारा मी म्हणालो, ती नुसती दाखवायची असते, तिचा अर्थ काही नसतो.

"काय अर्थ नाय तं मंग केली कशाला?" तिनं विचारलं. "माजे बापालापन असाच बोलले व्हते. नुसते आकडे हायेत."

मी म्हणालो, मी अर्ज लिहून देतो. गैरसमज झाला, या खुणेला पाड्याच्या लेखी काही अर्थ नाही, असं लिहितो, तुम्ही अंगठा द्या. तिनं फुलांवर फिरणारा हात थांबवला. "खुणेला अर्थ नाय असा मी लिवून देऊ? मंग उद्या माजा भारा रानात कोन ऱ्हाऊ देईल? सगल्यांचाच रान उघडा पडंल की." ती पुढे म्हणाली, "झाडा गेली तं माजी एकटीची जातील." बोलून ती पुन्हा फुलं उलटी करायला लागली.

एकच वाट होती. ज्यांनी खूण केली त्यांनी ती काढायची. मी तसाच खाली उतरून तंबूंवर गेलो. भाविक मऊ गादीवर बसून काही पाहुण्यांना सूर्यनमस्काराची वेळ सांगत होता. मी त्याला सगळं समजावलं, अगदी नवश्याच्या भाऱ्यासकट. तो डोळे मोठे करून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "वॉव. किती सुंदर आहे हे, सर. आम्ही हे पाहुण्यांना सांगू शकतो का?"

मी म्हणालो, आधी रंग काढा.

"पण सर, ते फक्त सिम्बॉलिक आहे! काढायची गरजच काय? त्यांना सांगा ना, खुशाल वेचा. आमचं काहीच म्हणणं नाही." मग त्यानं खांदे उडवले. लोगो काढायचा तर मुंबईच्या ऑफिसची परवानगी लागते, तो ब्रँडिंगचा विषय आहे. म्हणाला, मी फार तर एक व्हॉइस मेसेज पाठवतो. पाठवलाही. रविनानं तो आजीला ऐकवला. भिमी म्हणाली, "तोंडानी काय व्हतंय? हातानी केली, हातानी सोडवावी."

म्हणजे बघा. याला ती खूण काहीच वाटत नाही म्हणून हा काढणार नाही. तिला ती सगळं काही वाटते म्हणून ती हात लावणार नाही. आणि मधल्या मध्ये तो उतार कंपनीच्या पायवाटेसाठी आपसूक मोकळा होत होता. हा कट होता असं मला आजही म्हणवत नाही. कट करायला समोरच्या माणसाकडे नीट बघावं लागतं, आणि या लोकांनी भिमीकडे एकदाही बघितलं नव्हतं. शत्रूचा राग तरी येतो. ह्यांची नुसती शिसारी येते.

पाहणीवाल्या साहेबांना मी गाठलं. माणूस बरा होता. म्हणाला, पंधरा दिवसांनी शेजारच्या पाड्यावर यायचं आहे, तेव्हा पुन्हा चक्कर टाकतो. फुलं वेचलेली दिसली तर शेरा बदलतो. न दिसली तर माझे हात बांधलेले.

मग मी जे केलं ते असं. चैत्राच्या सुरुवातीला कातळपाडा झाडून एका लग्नाला मुरबाडच्या बाजूला, टोकावड्याकडे गेला. भर दुपारी मी एकटा उतारावर चढलो. पिशवीत तारेचा ब्रश, पत्र्याची खरवडणी आणि थिनरची बाटली. एकेक बुंधा घासत सुटलो. तैलरंग सालीच्या भेगांत शिरलेला, तो काढताना सालही निघत होती आणि आतून लालसर ओल दिसत होती. थिनरच्या वासानं आणि कुजक्या फुलांच्या वासानं मला चौथ्या झाडापाशी भडभडून ओकारी झाली. तोंड पुसलं आणि पुढचं झाड धरलं. अकरा झाडं झाली तेव्हा बोटांची कातडी सोलली होती आणि माझ्यासारख्या माणसाला शोभत नाहीत अशा शिव्या मी मोठ्यानं देत होतो. इंग्रजीत नाही, शुद्ध मराठीत.

दुसऱ्या दिवशी लग्नाहून परतलेल्या भिमीला मी सांगितलं, "कंपनीची माणसं आली होती. त्यांनी आपली खूण काढून नेली."

तिनं माझ्या बोटांना बांधलेल्या चिंध्यांकडे बघितलं. मी म्हणालो, सायकलवरून पडलो.

"सोता आलते?"

"स्वतः आले होते."

"हातानी काढली?"

"हातानं."

ती उठली, पाटी घेतली आणि मला तिथेच सोडून उताराकडे चालायला लागली. मी मागे गेलो. दोनतीन झाडं अजून गळत होती. खरवडलेल्या बुंध्यावर तिनं तळवा टेकवला, आणि मग बसली ती उठलीच नाही. दोन्ही हातांनी वेचत होती, तोंडानं पुटपुटत होती, माश्यांना शिव्या घालत होती. इतका आनंद मी फार कमी माणसांच्या तोंडावर बघितला आहे, आणि तो माझ्या थापेवर उभा होता. पाहणीवाले साहेब ठरल्या दिवशी आले, वेचलेली जमीन बघितली, भिमीशी दोन शब्द बोलले आणि वहीत लिहिलं, वापर आहे. उतार दाव्यात राहिला. पाड्यानं त्या दिवशी गोडाचं केलं.

इथे ही हकिगत संपली असती तर मी आज एवढा कडवट नसतो. पण भिमीची रीत अजून पुरी व्हायची होती. खूण करणाऱ्यानं आपणहून ती सोडवली, तर त्या झाडाची एक पाटी त्याच्या घरी पोचवायची. तिनं साठवणीतली सगळ्यांत चांगली फुलं निवडली, धुतली, पळसाच्या पानांनी पाटी झाकली आणि मला निरोप धाडला, "चला मास्तर, त्यांची भाषा तुमाला येते." मी चार सबबी सांगितल्या. ती बधली नाही.

आम्ही तंबूंवर पोचलो तेव्हा जेवणाची पानं मांडली जात होती. भाविक घाईघाईनं पुढे आला. भिमीनं पाटी त्याच्या पायाशी ठेवली, पानं बाजूला केली आणि हात जोडले. ती बाई कधी कुणापुढे वाकलेली मी बघितली नव्हती. साहेबापुढे नाही, सावकारापुढे नाही. इथे ती कमरेत वाकली.

भाविकनं चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. म्हणाला, सर, कुणीतरी आमचे सगळे लोगो खरवडून टाकलेत, ऑफिसनं मला झापलंय, आता पोलिसात द्यावं लागेल. हे ह्या लोकांचंच काम असणार, तुम्हाला काही माहीत आहे का? मी म्हणालो, गुरं अंग घासतात. मग त्यानं पाटीकडे बघून नाक आवळलं. हा कसला वास आहे, म्हणाला, मला मळमळतंय. पाहुणे जेवायला बसतायत, हिला सांगा हे इथून उचलायला. तेवढ्यात त्यालाच काहीतरी सुचलं. त्यानं भिमीच्या खांद्यावर हात ठेवला, पाटी पुढ्यात घेऊन फोटो काढून घेतला, आणि रखवालदाराला बोटानं खूण केली. रखवालदारानं पाटी मागच्या बाजूला नेली. मी उभा होतो तिथून मागचा उकिरडा दिसत होता. फुलं तिथे उष्ट्या पत्रावळींवर पडली. भिमी उभी होती तिथून दिसत नव्हता.

रखवालदारानं रिकामी पाटी आणून दिली. भिमीनं ती काखेत धरली आणि मला कोपरानं ढोसलं.

"काय बोल्ला तो?"

माझ्याकडे कोशातले सगळे शब्द होते. तिच्या डोळ्यांत अजून तो आनंद होता.

"म्हणतो, फुलं फार गोड आहेत."

भिमी खुदकन हसली. सगळे काळे दात दिसले. "मंग त्याला बोला," ती म्हणाली, "पुडचे साली दोन पाट्या देईन."